जमीन वर, आभाळ खाली

२ डिसेंबर

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, पण घर मनापासून आवडलं. बैठं आहे. जिना नाही, गच्ची नाही, बाल्कनीसुद्धा नाही. घर बघायला आलो तेव्हा ह्यांनी दलालाला आधी तेवढंच विचारलं होतं. तो बिचारा म्हणाला, वरचा मजला नंतर चढवता येईल की. हे म्हणाले, नको रे बाबा, आहे तसंच राहू दे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोकळं माळरान दिसतं आणि पलीकडे टेकडीवरची पाण्याची टाकी. शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात, शाळेत विज्ञान शिकवायचे. सामान उतरत होतं तोवर चहाचा थर्मास घेऊन हजर! किती महिन्यांनी आज आम्ही दोघं पोटभर जेवलो.

५ डिसेंबर

आज बिट्टीचं खोकं उघडलं. लेकीने हौसेने दुर्बीण मागवली, आणि ती दारात आली तेव्हा घ्यायला लेक राहिली नव्हती. जुन्या घराच्या गच्चीवरून ती पडली, त्याला आता वर्ष होईल. आई, तुला शनीची कडी दाखवते, म्हणायची. मी म्हणायचे, आधी दाराची कडी लावायला शीक.

हे म्हणाले, राहू दे ते, मला बघवत नाही. पण मी भलताच स्क्रू पिळायला लागले तसे आपणच येऊन जमिनीवर बसले. स्टँडचे तिन्ही पाय सारखे करून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणेपर्यंत दुपार झाली. कुरकुरत होते, पण हात मायेने फिरत होता.

६ डिसेंबर

मास्तरांनी सांगितलं, तारे बघायच्या आधी दिवसाउजेडी जुळवणी करून घ्यायची. मोठ्या नळीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते, तिला शोधक म्हणतात. लांबची, न हलणारी वस्तू मोठ्या नळीत मधोमध धरायची आणि शोधकाचे स्क्रू फिरवत तीच वस्तू त्याच्यातल्या फुलीवर आणायची. आम्ही टाकी धरली. मी डोळा लावला आणि ओरडलेच. जमीन वर, आभाळ खाली, टाकी वटवाघळासारखी लटकलेली! मास्तर हसायला लागले. म्हणाले, अशा दुर्बिणीत सगळं उलटंच दिसायचं, डावं-उजवंही बदलतं. आकाशात कुठे आलंय वर-खाली? हेसुद्धा हसले. मी मुद्दाम वळून बघितलं.

८ डिसेंबर

ती दिसली.

शोधक जरा ढळला होता म्हणून दुपारी पुन्हा टाकी धरली, तर टाकीशेजारी ती. निळा कुर्ता, मोकळे केस, छान सरळ उभी. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर तिथे काही नाही. परत नळीला डोळा लावला. होतीच. डाव्या हातात घड्याळ होतं. माझी बिट्टी! गॅसवरचं सगळं करपलं, मला पत्ताच नाही. कोणाला सांगितलेलं नाही अजून. सांगितलं आणि गेली तर?

९ डिसेंबर

राहवेना, ह्यांना बघायला लावलं. बराच वेळ डोळा लावून बसले. मग उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. मला वाटलं, नसेल दिसली. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "एकाच पायात चप्पल आहे तिच्या."

दुसरी त्या दिवशी गच्चीतच राहिली होती.

मास्तरांनाही बोलावलं. त्यांना नुसती टाकी दिसते.

११ डिसेंबर

भांडी घासता घासता लक्षात आलं, आणि हातातलं पातेलं सुटलं.

दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. टाकी उलटी, झाडं उलटी. ती सरळ दिसते. म्हणजे खरी ती उलटी आहे. डोकं खाली, पाय वर, जमिनीपासून उंच, हवेत.

ती उभी नाही. ती पडतेय.

१२ डिसेंबर

काल तिचं डोकं टाकीच्या बुडाशी होतं. आज खांबांच्या निम्म्यावर आलंय. मुंगीच्या पावलाने, पण खाली येतेय. चेहरा घाबरलेला नाही. ओठ हलतात.

टेकडीवर जाऊन आलो. खांब आणि गवत, दुसरं काही नाही. तरी हे टाकीशेजारी दोन्ही हात पसरून उभे राहिले. हात भरून आले तरी खाली घेईनात. मी हाताला धरून घरी आणलं.

१३ डिसेंबर

मास्तर म्हणाले, वहिनी, ती नळी खोक्यात घाला, माझं ऐका. मी म्हटलं, "मास्तर, ती पडली तेव्हा मी नव्हते हो तिथे. आता डोळ्यांदेखत पडतेय, तर डोळे मिटून घेऊ?"

मास्तर थर्मास उचलून घरी गेले.

झोप नाही. ह्यांनाही नाही. एकमेकांना सांगत नाही, एवढंच.

१४ डिसेंबर

आज पोचणार. फार तर पुरुषभर अंतर उरलंय. हे टेकडीवर गेलेत. फोन चालू ठेवलाय, वही मांडीवर. मी इथून बघून सांगायचं, त्यांनी तिथे सरकायचं. डावं-उजवं उलटं सांगायचं, विसरायचं नाही —

दिसले. उलटे. बरोबर, तसेच दिसायला हवेत. हात पसरलेले.

थोडे उजवीकडे — नाही, नाही, डावीकडे! अहो, डावीकडे!

म्हणतात, केस लागले गं हाताला. तिचे केस. रडतायत.

धरा. घट्ट धरा तिला. सोडू नका —

म्हणतात, धरली. म्हणतात, गार आहे गं — पायाखाली काही लागत नाहीये —

फोनवर नुसता वारा.

डोळा लावला. टाकी उलटी. गवत उलटं. दोघं एकमेकांना धरून आहेत.

आणि दोघंही सरळ —