रिकाम्या जागेवरचा दगड

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. आठवीचा अर्धा वर्ग गायब! दरवर्षीचेच — आईबापांबरोबर गुजरातेत मजुरीला. यंदा केसरसुद्धा! गणित येणारी ती एकटीच. डिसेंबरात निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा, आणि पोरगी वीटभट्टीवर. भयंकर राग आला.

गेलेल्यांच्या जागी सतरंजीवर एकेक दगड. "ये क्या है रे?" पुढे बसणारी गुमली म्हणाली, "मैडम, पत्थर रखो तो आदमी लौटता है." परतलेल्याने आपला दगड स्वतः उचलून बाहेर टाकायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

हसले. पण झाडताना मीही दगड चुकवूनच झाडले.

८ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारच्या शेवटच्या बसने धारला घरी, आईकडे निघाले, तर पोरांनी माझ्या खुर्चीवरही दगड ठेवला! सोमवारी येऊन मुकाट्याने टाकीन बाहेर. नाहीतर रुसतील.

१७ नोव्हेंबर

केसरच्या बापाला फोन लागला एकदाचा. "परीक्षा से पहले छोड़ जाऊँगा, मैडम." शब्द दिलाय त्याने! आई म्हणते, तुला त्या पोरीचं वेडच लागलंय. लागलंय खरं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

केसरचा दगड नाही.

कुलूप मीच उघडले. शनिवारी होता, मी पाहिला होता. बाकीचे सगळे जागच्या जागी. "किसने उठाया?" एकेकाला उभे करून विचारले. शेवटी गुमली — "किसी ने नहीं. अब वो नहीं आएगी." तिच्यावर इतकी ओरडले की घसा बसला. ती रडलीसुद्धा नाही.

बापाचा फोन बंद.

२५ नोव्हेंबर

रविवारी भट्टीची भिंत कोसळली. केसर गेली.

हेडसाहेब म्हणाले, "नाम मार्च तक रहने दो, मैडम. संख्या घटी तो स्कूल ही बंद कर देंगे." हजेरीत तिचे नाव घेतले मी. घेताना मान वर करवली नाही.

६ डिसेंबर, शनिवार

पोरांनी खुर्चीवर दगड ठेवला. मी कुलूप लावले. फाटकापाशी आठवले, डबा आतच राहिला. परत येऊन कुलूप उघडले.

खुर्ची रिकामी.

टेबलाखाली पाहिले, कोपरे पाहिले. आता त्याच खुर्चीत बसून हे लिहिते आहे. फाटकात गुमली उभी आहे, माझ्याकडे बघत नाही. रस्त्यावर बस थांबलीय. कंडक्टर ओरडतोय, "चलो मैडम, आखिरी गाड़ी है!"