सोनगीरची तारीख

समाधान,

भरीत झाकून ठेवलंय, भाकरी दुरडीत आहेत. दूध तापवायचं राहिलं, आल्यावर तेवढं बघ. मी सोनगीरला आईकडे चाललेय. धुळ्याला उतरून दुसरी गाडी धरेन.

तुझा फोन एका कंपनीचा, माझा दुसरीचा. दोघांचं कॅलेंडर जोडण्यात तू अख्खा रविवार घालवला होतास. तुझी भुसावळची ड्युटी, माझी शाळा, सगळं दोन्हीकडे दिसायला लागलं. त्यातच तू आजच्या तारखेला लिहिलंस, ‘संघमित्राला बाळंतपणासाठी सोनगीरला सोडणे.’

बाळ गेलं त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षातच मी ते वाक्य कॅलेंडरमधून काढून टाकलं. दोन दिवसांनी ते परत आलं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. मला वाटलं, या दोन कंपन्यांचं आपसात पटत नसेल. तुला सांगितलं तर ‘होईल नीट’ एवढंच म्हणालास. काल चहा घेऊन आले तेव्हा तू पाठमोरा बसून तेच वाक्य परत लिहीत होतास. मी कप ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेले.

आज सकाळी ते माझ्या फोनवर वाजलं. मी बॅग भरली. रागावलेली नाही. रडूही येत नाही.

शेजारच्या अक्कांना सांग, आईला बरं नाही.

परत यायची तारीख मी टाकलेली नाही. तू टाक. तू लिहिलेलं माझ्याकडे येतं.

संघमित्रा