मिग गनच्या कपाटाची किल्ली अर्धा तास मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, साहित्य दुरुस्ती समिती,
तसेच
मा. अध्यक्ष, साहित्य खरेदी समिती
(दोन्ही पदांवर आपणच असल्याने एकच प्रत पाठवली आहे),
शालेय कार्यशाळा कार्यालय, दुसरा मजला.

विषय: वेल्डिंग विभागातील मिग गन दुरुस्त करावी की तिच्या जागी मोठ्या क्षमतेची नवी घ्यावी, याचा निर्णय होईपर्यंत ती निदान कपाटाबाहेर काढू देण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा दि. १० जानेवारीचा अर्ज.
२) तो मिळाल्याचे आपले पत्र.
३) ते पत्र मिळाले की नाही, अशी विचारणा करणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही शाळेत दहावीत शिकते आणि वेल्डिंग विभागातील नऊ विद्यार्थ्यांपैकी एक आहे. ऑगस्टपर्यंत तिचे वेल्डिंग कोंबडीने उकरल्यासारखे दिसत असे. हे मत वेल्डिंगच्या सरांचे असून अर्जदाराला ते तेव्हाही मान्य नव्हते. डिसेंबरात मात्र तिने दोन पट्ट्या अशा जोडल्या, की सरांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, खिडकीत ठेवल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. आपल्याला पुढे काय व्हायचे आहे, हे अर्जदाराला त्या दिवशी कळले. दि. २० मार्चला प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ती पास झाली तरच वेल्डिंगच्या पुढच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो, नाहीतर जागा जाते. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण पुढील मजकूर वाचताना अर्ज गमतीने लिहिला आहे, असे आपणास वाटू शकेल. तो तसा लिहिलेला नाही. घडलेच तसे आहे.

२. विभागात मिग मशीन एक आणि तिची गनही एकच. गन म्हणजे हातात धरायची मूठ, पुढे वाकडी मान आणि मागे तीन मीटरची केबल. केबलच्या पोटात लायनर नावाची स्प्रिंगसारखी नळी असते. तिच्यातून वायर सरकत पुढे येते आणि टोकाच्या तांब्याच्या टिपमधून बाहेर पडून जोडात वितळते. दि. ९ जानेवारीला वायर आचके देऊ लागली, मग टिपमध्येच वितळून चिकटली आणि मागे मशीनच्या चाकांपाशी तिचा गुंता झाला. सरांनी गुंता कापला, टिप बदलली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. सरांनी 'दुरुस्ती हवी' एवढीच चिठ्ठी लिहिली. अर्जदाराने उत्साहाच्या भरात स्वतःच्या अर्जात 'दुरुस्ती किंवा नवी' असे लिहिले. हे 'किंवा' लिहिल्याचा तिला आता पश्चात्ताप होत आहे.

३. कारण त्या 'किंवा'मुळे प्रकरण दोन समित्यांकडे गेले. निर्णयापूर्वी वस्तूच्या स्थितीत बदल होऊ नये, म्हणून दि. १२ जानेवारीला आपल्या कार्यालयातून दोघे आले. त्यांनी गन कपाटात घातली, कपाटाला लाखेचे सील लावले आणि किल्ली नेली. दुरुस्त होते का, हे पाहायचे तर गन उघडायला हवी. गन उघडायची तर सील तोडायला हवे. सील मात्र दुरुस्त होते का, हे ठरल्यावरच तुटेल. अर्जदाराने हे घरी आईला तीन वेळा समजावून सांगितले. आई म्हणाली, "तू जेव आधी."

४. दि. २४ जानेवारीला दुरुस्ती समितीची सभा झाली. 'प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती' म्हणून अर्जदाराला बोलावले होते, त्यामुळे हे ऐकीव नाही. आपण म्हणालात, "किती दिवस ठिगळं लावत बसायचं? जग कुठं चाललंय! नवी घ्या, मोठी घ्या." प्रस्ताव खरेदी समितीकडे गेला. दि. ७ फेब्रुवारीला तिचीही सभा झाली. खोली तीच, चहा तोच, फक्त आपण खिडकीकडच्या खुर्चीतून उठून दाराकडच्या खुर्चीत बसला होतात. प्रस्ताव वाचून आपल्या कपाळाला आठ्या पडल्या. "दुरुस्त होणारी वस्तू टाकून द्यायची? अक्कल गहाण ठेवलीय का या दुरुस्तीवाल्यांनी? सही कोणाची आहे ही?" कारकूनकाकांनी कागद जरा आपल्या जवळ सरकवला. आपण सही पाहिलीत. मग म्हणालात, "ठीक आहे. विचारा त्यांना लेखी."

५. त्याप्रमाणे आपण आपल्याला पत्र पाठवलेत. आपण आपल्याला उत्तर दिले नाहीत, म्हणून कडक शब्दांत स्मरणपत्रही पाठवलेत. शेवटी दि. २० फेब्रुवारीला संयुक्त सभा ठेवण्यात आली. ती तहकूब झाली, कारण दुरुस्ती समितीचे अध्यक्ष हजर होते, पण खरेदी समितीचे अध्यक्ष दौऱ्यावर असल्याची नोंद होती. हजर अध्यक्षांनी गैरहजर अध्यक्षांविषयी तीव्र नाराजी व्यक्त केली. अर्जदाराने टाळ्या वाजवल्या नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.

६. दरम्यान परीक्षेचे काय, असे सरांनी विचारले. तेव्हा आपल्या कार्यालयाने सुचवले, की विद्यार्थ्यांनी वेल्डिंगचा जोड पेन्सिलने कागदावर काढावा, त्यावरून गुण देऊ. अर्जदाराने नमुना काढून पाठवला. तो 'शेडिंग कमी आहे' या शेऱ्यासह परत आला. महोदय, परीक्षक जोडलेली पट्टी पकडीत धरून वाकवतात आणि जोड सुटतो का, ते पाहतात. कागद वाकवल्यावर काय दिसणार आहे? नवांपैकी एकाने तर वाकवल्यावर तडा जाईल तोही आधीच काढून ठेवला आहे, तेवढीच मदत.

७. अर्जदाराची आत्या फॅब्रिकेशनचे दुकान चालवते. गेटे, जिने, खिडक्यांचे गज, सगळे स्वतः करते. गन दाखवणे शक्य नव्हते, म्हणून अर्जदाराने नुसती लक्षणे सांगितली.

"मूठ तापायची का गं?" आत्याने विचारले.
"नाही. कोमट व्हायची."
"मान हलते?"
"नाही."
"केबलला कुठं चीर, कुठं जळकं?"
"काही नाही, आत्या."
"जोडता किती जाडीचं?"
"तीन मिलिमीटर."
"मग नवी काय शोभेला हवीय? मूठ चटके देत असती तर आतलं तांबं तुटलंय म्हटलं असतं, फेकून दे. रोज जाडजूड लोखंड जोडत असतात तर म्हटलं असतं, मोठी घ्या. तुमच्या त्या पत्र्याला ही गन जन्मभर पुरेल. लायनर बदला, टिप बदला. वीस मिनिटांचं काम." मग तिने एकदम विचारले, "रात्री ठेवता कुठं तिला?"

८. हा प्रश्न दोन्ही समित्यांत कोणी विचारला नव्हता. उत्तर असे, की साहित्य वापर नियम क्र. ११ नुसार प्रत्येक वस्तू संध्याकाळी गुंडाळून, दोरीने बांधून, कपाटातील तिच्या खणात ठेवावी लागते. गनचा खण वीतभर रुंद आहे. वेल्डिंगचे सर म्हणत, "सैल ठेवा रे." कपाटे सांभाळणारे भांडारकाका नियमावलीवर बोट ठेवत. गुंडाळायची आम्हा विद्यार्थ्यांची पाळी असे आणि अर्जदाराची गुंडाळी सर्वांत घट्ट असे. भांडारकाका ती सगळ्यांना दाखवत म्हणत, "बघा, याला म्हणतात शिस्त!" अर्जदार दोरीला वर फूलही काढत असे.

आत्याने हातातला हातोडा खाली ठेवला. "तीन मीटर केबल वीतभर खणात? अगं, आतली नळी पिचेल नाहीतर काय करेल बिचारी? कौतुकाने गळा आवळलात तिचा. नवी आणलीत तरी तिलाही त्याच बिळात कोंबणार ना? बसवा मग दरवर्षी समिती."

सबब, गन कोणी बिघडवली याचा शोध पूर्ण झाला आहे. तिघांचा वाटा आहे. घट्ट गुंडाळणारी अर्जदार, शाबासकी देणारे भांडारकाका आणि नियम क्र. ११. त्याच्याखाली सही आपली आहे. अर्जदार तिच्या वाट्याची जबाबदारी घेते.

९. तरी दोन्ही अध्यक्षांना एकाच वेळी विनंती, की
(अ) गन दुरुस्त करावी. नवी घेऊ नये.
(आ) काही तरी नवे हवेच असेल, तर ठेवण्याची जागा नवी करावी. आत्याने जुन्या मोटारीच्या चाकाची रिम अर्धी कापून भिंतीवर लावायची खुंटी करून दिली आहे. तिच्यावर केबल मोठ्या सैल वेढ्यांत लटकते.
(इ) किल्ली अर्धा तास मिळावी. वीस मिनिटे लायनरसाठी, दहा मिनिटे एक पट्टी जोडून पाहण्यासाठी. लायनर आणि टिप आत्याने दिल्या आहेत. त्यासाठी सभेची गरज नाही.

काम झाल्यावर कपाटाला पुन्हा सील लावायचे असल्यास अर्जदार स्वतः मेणबत्ती धरून उभी राहील. आत गन तेव्हा नसेल, एवढेच.

किल्लीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
हजेरी क्रमांक ७, दहावी, वेल्डिंग विभाग

दिनांक: ११ मार्च (परीक्षेला नऊ दिवस)

सोबत:
१) पेन्सिलने काढलेला जोड, शेडिंग वाढवून.
२) डिसेंबरातील दोन पट्ट्यांचा जोड, सरांच्या खिडकीतून त्यांच्या परवानगीने. आपण वाकवून पाहावा.
३) खुंटीचे मापासह चित्र.
४) नवा लायनर जोडलेला नाही. आपल्याकडे तो घडी घालून फाइलमध्ये लावला जाईल, अशी भीती वाटते. तो अर्जदाराच्या घरी भिंतीवर सैल टांगलेला आहे.