नानांच्या दाताखालचा दाणा

मंगळवार संध्याकाळ, जळगाव

वैताग आलाय नुसता. डाळमिलमधल्या मुकादम नानांना म्हणे मी सुलभक बनवायचं. कामगारांच्या गटाने आपली अडचण आपणच सोडवायची, नानांनी फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही. एवढंच! पण नाना डाळीचा दाणा दाताखाली घेतात आणि बैठक तिथेच संपते. मागच्या वेळी तूरडाळ फार तुटतेय असा विषय निघाला. यांनी कट्टकन दाणा चावला. "ओल कमी शे. पाणी वाढवा." की झाले बठ्ठे, सगळेच्या सगळे, उभे! माझा फळासुद्धा पुसून व्हायचा होता.

पाणी वाढवलं, तरी डाळ तुटतेच आहे. म्हणून आज मी बजावलं, "नाना, प्रश्न विचारा आणि दाणा दातात नुसता धरून बसा. चावायचा नाही." बिचाऱ्यांनी ऐकलं. "का तुटत असंल?" एवढं विचारून दाणा धरला आणि गप्प बसले. कुणीच बोलेना. शेवटी बैठकीत कधीच न बोलणाऱ्या निवडाईवरच्या अक्कांनी पदर सारखा करून तोंड उघडलं. आणि मी, हो मीच, न राहवून बोलून गेले, "अहो, भरडायचा रोलर जास्त आवळला असेल!"

अक्कांनी तोंड मिटलं. बठ्ठे उठले.

नाना रागावले नाहीत. खिशातून दुसरा दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ताई, पुढल्या खेपेला तुमी बी धरा."

तो दाणा इथे वहीवर पडलाय. अक्कांना काय सांगायचं होतं, हे आता कोणत्या तोंडाने विचारू?