पुढची दोरी

मुकुंदवाडी, औरंगाबाद
जून अर्धा सरला, आभाळ कोरडंच

प्रिय चारुता,

तुझा मेसेज पप्पांच्या फोनवर आला. ते कामावरून येऊन नुकतेच जेवायला बसले होते. मोठ्याने वाचायला लागले आणि शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज आपोआप बारीक झाला. ‘हैदराबादच्या स्पर्धेच्या तोंडावर मला एकटीला टाकून गेलीस, निदान सांगायचंस तरी.’ मला असा राग आला म्हणून सांगू! ताटावरून उठलेच मी. हिला काय माहीत, हिला काय जातंय लिहायला, असं बरंच काही बडबडले. आई शांतपणे म्हणाली, “मग सांग की तिला. न सांगता कसं कळंल?” म्हणून हे पत्र. फोनवर बोलायला गेले असते तर आधी तुला चार शिव्या घातल्या असत्या, मग रडले असते, आणि तू माझ्याआधी रडायला लागली असतीस. अक्षर असं कोंबडीने पाय उमटवल्यासारखं का आलंय, ते पुढे येईलच. तोवर हसू नकोस.

तुला आठवतं का गं, आपली जोडी कशी जमली ते? विश्वजित सर शिडाच्या बोटीसाठी मुली शोधत आमच्या शाळेत आले आणि विचारलं, पोहता कुणाला येतं? अख्ख्या वर्गात माझा एकटीचा हात वर. तोही देवगाव रंगारीच्या मामाच्या विहिरीमुळे. मामाने कमरेला दोर बांधून मला ढकललं होतं आणि वरून ओरडत होता, “मार हात, नायतर जेवायला नाय!” त्या जिवावर मी नाथसागराच्या काठावर येऊन उभी राहिले. तिथे तू. गोरीपान, उंच, डोक्याला पांढरी टोपी, हातात हातमोजे. मला वाटलं, ही पाण्यात पडली की हिची आई धरणात उडी मारेल. सरांनी आपल्या सगळ्यांना काट्यावर उभं केलं, वजनं बघितली आणि म्हणाले, ही लांब आहे, ही हलकी आहे, दोघींना एका बोटीत घाला. भाजीवाल्याने वजनाला एक बटाटा कमी आणि एक मिरची जास्त टाकावी तसं. तू मागे सुकाणूवर, मी पुढे पुढच्या शिडाच्या दोरीवर. बोट एका अंगाला कलली की मी बाहेर लटकायचं आणि तू मागून ‘अजून, विशाखा, अजून’ म्हणायचं. पहिल्या महिन्यात तुझं ‘अजून’ ऐकून तुला पाण्यात ढकलावंसं वाटायचं. पुढे पुढे तू म्हणायच्या आधीच मी बाहेर असायचे. सर म्हणाले होते, या दोघींना बोलायला लागत नाही. कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन मी ते तीनदा सांगितलं.

यंदा मात्र धरणच आपल्यापासून पळत होतं. होळीपर्यंत क्लबच्या शेडपासून पाणी दिसायचं तरी, मग तेही दिसेना. भेगाळलेल्या चिखलातून बोट ओढत नेताना पोटऱ्या भरून यायच्या आणि तू कुरकुरायचीस की यापेक्षा बैल बरे. राहिलं होतं त्या पाण्यात आपण तेवढेच फेरे मारत होतो. पण मला शनिवार-रविवार कधी उजाडतो असं व्हायचं, आणि त्याचं सगळं कारण शीड नव्हतं, हे आता सांगते. तू मला उंटीण म्हणायचीस ना? क्लबच्या जारचं थंड पाणी मी पीतच सुटायचे म्हणून. जाताना दोन बाटल्या भरून घ्यायचे. आणि सराव संपला की मी साबण घेऊन पुन्हा पाण्यात उतरायचे, डोकं धुवायचे, टीमचा टीशर्ट तिथेच पिळायचे, तेव्हा तू मोबाइलवर माझे फोटो काढायचीस आणि म्हणायचीस, हिला पाण्याचं वेडच आहे. मीही फोटोला दात काढून हसायचे. आठवड्याची तेवढी एकच अंघोळ मनासारखी व्हायची, चारू.

आमच्याकडे नळ आहे. म्हणजे नळ आहे, पाणी नाही. वस्ती वाढली, पाइप इथवर आले आणि थकले. टँकर यायचा तो कधी गल्लीच्या तोंडाशीच रिकामा व्हायचा, कधी यायचाच नाही. गंमत सांगू? पप्पा बीड बायपासला नव्या इमारतींवर स्लॅबला पाणी मारायचं काम करतात. कच्च्या सिमेंटला तडे जाऊ नयेत म्हणून दिवसभर नळीने भिजवत राहायचं, टँकरचे टँकर. संध्याकाळी घरी आले की त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली असायची आणि हात धुवायला आई त्यांना तांब्या अर्धा भरून द्यायची. तुमची सोसायटी झाली तेव्हाही कुणाचे तरी पप्पा तिथे नळी धरून उभे असतीलच.

तर आम्ही गाडीने पाणी आणायचो. मुकुंदवाडीला दुपारची पॅसेंजर धरायची, औरंगाबाद स्टेशनला उतरायचं, तिथल्या नळावर कॅन भरायचे आणि परतीची गाडी मिळेल तेव्हा तिच्यात चढायचं. गल्लीतल्या कितीतरी बाया आणि पोरं हेच करत होती. भरलेले कॅन घेऊन चढलो म्हणून लोकांचे टोमणे खायचे, पाय आखडून दाराशी बसायचं आणि मुकुंदवाडी आली की धडपडत उतरायचं. ही परतीची गाडीच पुढे हैदराबादला जाते, माहितीये? एकदा आवडाबाई, आमच्या शेजारच्या, मला म्हणाल्या, “तुला त्या हैद्राबादला जायचंय नव्हं? मग बस अशीच, उतरू नको. कॅन मी नेते.” सगळा डबा हसला. मीही हसले. मला खरंच वाटत होतं की मी जुलैत याच गाडीने जाणार आहे आणि तेव्हा माझ्याकडे कॅन नसेल.

तुला हे का सांगितलं नाही? सांगणार होते. पण त्या रविवारी तुमच्या घरी आले होते तेव्हा काकूंनी पाण्याचा एक मोठा जार माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाल्या, “घेऊन जा हो, तुमच्याकडे हाल असतात ना.” त्यांचं मन वाईट नव्हतं. पण तुमच्या आजी, यमुनाबाई, सोफ्यावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं माझं आडनाव विचारून झालं होतं आणि त्यानंतर त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मी जार घेतला नाही. बोटीत आपण दोघी सारख्या होतो, वजन सोडलं तर. मला तेवढं राखायचं होतं. आई ओरडली मला त्यावरून. तिचं म्हणणं, पाण्याला कसला आलाय मान? तिचं बरोबर असेल, पण मला जमलं नाही.

आता दोरीचं ऐक. मुकुंदवाडीला गाडी थांबते न थांबते आणि निघते. एकेक कॅन उतरवताना कुणाचा तरी नेहमी राहून जायचा, मग तो कॅन पुढे निघून गेला म्हणून घरी मार. मला युक्ती सुचली. आपल्या बोटीची जुनी दोरी सरांनी फेकून दिली होती, ती मी घरी आणली होती. तिच्या दोन्ही टोकांना दोन-दोन कॅन, कॅनच्या मुठीला आपली बोलाइनची गाठ, तीच, जी ताण असेपर्यंत सुटतच नाही. मधून धरायचं आणि आधी एक जोडी खाली, मग खालून ओढून दुसरी. काय झकास जमलं! मी गल्लीतल्या सगळ्यांना ती गाठ शिकवली. आवडाबाईंना तर तुझ्यापेक्षा लवकर आली. “लई कामाची गाठ हाय गं पोरी,” असं म्हणत त्यांनी ती बकरीलाही घातली. मला वाटत होतं, मी टीममधून काहीतरी शिकून आले आणि ते इथे उपयोगी पडलं. खूप मोठी झाल्यासारखं वाटत होतं.

सर पहिल्याच दिवशी काय म्हणाले होते? दोरी हाताला गुंडाळायची नाही. धरायची, आणि वेळ आली तर सोडायची. बोटीत मी एकदाही गुंडाळली नाही, तू साक्षीला आहेस. पण बोटीत दोरी सुटली तर काय होतं? शीड फडफडतं, आपण मागे पडतो, तू ओरडतेस. इथे दोरी सुटली तर घरात पुढच्या गाडीपर्यंत पाणी नसतं. त्यात त्या दिवशी हात घामाने निसटत होता. मी गुंडाळली. दोन वेढे. खाली उतरले, एक जोडी माझ्याबरोबर उतरली, दुसरी जोडी आत लोकांच्या पायांत अडकली आणि गाडी हलली. दोरीला ताण बसला. गाठ सुटणार नव्हतीच, ती मीच घातली होती. मी गाडीबरोबर पळत होते आणि आतल्या लोकांना ओरडत होते, आणि चारू, मी ‘कॅन सोडा’ म्हणत नव्हते, ‘कॅन द्या’ म्हणत होते. दारातल्या एका माणसाने पायाने ते खाली लोटले म्हणून मी गाडीखाली गेले नाही.

दुखलं नाही आधी. मी खाली बसून बघत होते की किती सांडलं. आवडाबाई धावत आल्या, माझा हात बघितला आणि त्यांनी स्वतःचा भरलेला कॅन उघडून सगळाच्या सगळा माझ्या हातावर ओतला. मी त्यांना म्हणत होते, नका हो, पाणी नका घालवू. त्या म्हणाल्या, “गप बस. पाणी मेलं उद्या येईल.” त्या दिवशी त्यांच्या घरी स्वयंपाक कशावर झाला, मला माहीत नाही. मी अजून विचारलेलं नाही.

उजव्या हाताची दोन बोटं घाटीत, सरकारी दवाखान्यात, काढावी लागली. तिसरं आहे, पण वळत नाही. हे डाव्या हाताने लिहितेय, आई शेजारी बसून कागद धरतेय. डॉक्टर म्हणाले, पेन धरता येईल हळूहळू. मी विचारलं, दोरी? ते म्हणाले, कसली दोरी? पप्पा बाहेर जाऊन उभे राहिले.

सर दवाखान्यात आले होते. सफरचंदं आणली. डोळे भरले होते त्यांचे, खोटं नाही सांगत. मग म्हणाले, टीमला आत्ता काही सांगत नाही, मुली घाबरतील, पालक मुलांना पाठवायचे बंद होतील. क्लबला वरून पैसे मिळायचं चाललंय, त्यात पाण्याचं नि गाडीचं प्रकरण नको. विशाखाने घरगुती कारणाने टीम सोडली, एवढंच सांगू. मी मान हलवली. ग्लानीत होते, आणि सरांना मी कधी नाही म्हटलेलंच नाही. पप्पांनीही हात जोडले. पण घरी आल्यापासून ते ‘घरगुती कारण’ माझ्या घशाखाली उतरत नाही. आमचं घर काय कारण आहे? आई मला पहाटे उठवून डबा देत होती. पप्पा बसच्या भाड्यासाठी रविवारीही स्लॅबवर जात होते. आणि तुला वाटलं, यांनी पोरीला बसवलं घरी. तुझ्या आजींनाही तेच वाटलं असेल. बाकीच्यांनाही, विचारसुद्धा न करता.

मी काय तुझ्यावर राग काढायला लिहीत नाहीये. तू हिमानीला माझ्या जागी पुढे घेतलंस, असं कळलं. बरं केलंस. वजनाने ती जवळपास माझ्याइतकीच आहे, फक्त वळताना घाई करते, तिला थोडं आधी सांगत जा. जा तुम्ही दोघी हैदराबादला. मला खूप वाईट वाटतंय, तुम्ही जिंकलात तर अजून वाईट वाटेल, आणि हरलात तर मी तुला माफ करणार नाही. हे सगळं एकदम वाटतंय, काय करू? इतक्यात भेटायला येऊ नकोस. काकूंबरोबर तर नकोच. मी बोलवेन. पण एक काम कर, त्यासाठीच एवढं लिहिलं. तिथे कुणीतरी विचारेलच, तुझी आधीची पार्टनर कुठे आहे म्हणून. सर शेजारी उभे असतील, तरी ‘तिनं सोडलं’ असं म्हणू नकोस. आमच्या घराचं नाव घेऊ नकोस. सांग की ती टीममध्ये होती, तिला यायचं होतं, आणि पाणी आणताना तिचा हात गेला. मोठ्याने सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
विशाखा