बरणीच्या बुडाचं भोक

प्रिय धाकटे,

तू खुशाल असशील. असणारच, तुझं नेहमीच बरं चालतं. इकडे दुकान ठीक आहे. मागच्या आठवड्यात सलूनवाल्याचे आरसे आले होते, भिंतीवर बसवायला भोकं पाडून हवी होती. सगळी भोकं मी पाडली, एकही काच तडकली नाही. तर बाबा म्हणतात, धाकटी असती तर निम्म्या वेळात झालं असतं. तू लग्न होऊन गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, पण दुकानात अजून कौतुक तुझंच. माझा जळफळाट होतो. होतो म्हणजे होतोच, लपवून काय करू?

आठवतं ना, ड्रिल आरपार जायच्या बेतात आलं की हाताचा जोर काढून घ्यायचा, नाहीतर कडेचा टवका उडतो. नेमक्या त्या वेळी बाबा माझ्या हातावर हात ठेवायचे. अजूनही ठेवतात. तुझ्या हातावर कधीच ठेवला नाही. मी लाडकी म्हणून ठेवतात असं वाटून तू रुसून बसायचीस. अगं वेडे, माझ्यावर भरवसा नव्हता त्यांचा!

आता त्यांच्या मनात आलंय, आईच्या मोठ्या चिनीमातीच्या बरणीचा दिवा करायचा. वायरसाठी बुडाला भोक हवं. मला हात लावू देईनात, म्हणे धाकटी आली की पाडेल. माझं डोकंच फिरलं. काल दुपारी ते झोपलेले बघून बरणी उपडी घातली, बुडाला चिकटपट्टी लावली आणि पाणी सोडत सोडत ड्रिल हळूहळू चालवलं. आईची तेवढीच एक वस्तू उरलीय. फुटली असती तर बाबांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती. आरपार जाताना माझ्या हातावर कुणाचाच हात नव्हता. भोक इतकं स्वच्छ पडलं की मीच बघत राहिले.

बाबा उठले. हल्ली त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून कडेवरून बोट फिरवलं. चेहरा असा फुलला! आणि विचारलं काय, तर धाकटी कधी येऊन गेली? मी म्हटलं, मी पाडलंय. हसले नुसते. म्हणाले, तिनेच तुला गप्प राहायला सांगितलेलं दिसतंय. कालपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना तुझ्या हाताचं कौतुक सांगत सुटलेत. म्हणून हे पत्र. आता फोन करशील तेव्हा त्यांना सांग, तू आली नव्हतीस म्हणून. माझं त्यांना खरं वाटत नाही, तुझं वाटेल.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई