उमैमाच्या चित्रांचा रंग

रोल्ला, शारजा
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रिद्धी,

अनेक आशीर्वाद. बाबांची शुगर आटोक्यात आहे. अबू धाबीला खलिफा सिटीतली खोली लावून झाली का? तोंडावर सांगायला जमेना, म्हणून लिहितेय. मराठी आहे, सावकाश वाच.

उमैमासारखी जिवाभावाची मैत्रीण तुझ्याशी बोलत नाही, हे बाबांकडून कळलं. तुमच्या फिल्मसाठी तिनं वर्षभर खपून चित्रं केली, आणि प्रदर्शनात चित्रांवरचा कागद काढला तर अंतराळयानातल्या सुदानी बायका चक्क गव्हाळ! प्रिंटिंग तुझ्याकडे होतं, म्हणून बोलणी तू खाल्लीस. तू दुकानदार जहूरवर खापर फोडलंस. त्या बिचाऱ्यानं माझं नाव सांगितलं नाही.

त्याची चूक नाही गं. पेनड्राइव्ह द्यायला मी गेले होते. तो म्हणाला, भाभी, चेहरे बहुत डार्क हैं. मी म्हटलं, "थोडा गोरा कर दो, हमेशा जैसा." हमेशा म्हणजे तुझ्या लग्नाच्या बायोडेटातल्या फोटोसारखं. तोही मीच उजळ करून घेतला होता. खलास, सांगून टाकलं.

आफ्रोफ्युचरिझम म्हणजे काय, ते तू जेवताना समजावलं होतंस. उद्याच्या जगात काळी माणसं पाहुणी नसतात, यानं तीच चालवतात. मी मान डोलावली आणि तुला पोळी वाढली. डोक्यात काडीचं शिरलं नव्हतं.

काल जहूरकडून नव्या प्रिंट काढून दुबईला इंटरनॅशनल सिटीत उमैमाकडे गेले. मोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं. त्या मोठ्या चित्रातल्या कॅप्टनचा चेहरा तिच्या वारलेल्या आईचा आहे, हे मला तिथे कळलं. लाजेनं मेले मी. पोरगी चिडली नाही, चहा दिला. एवढंच विचारलं, "आंटी, रिद्धी आहे तशीच सुंदर आहे, हे तिला कधी सांगितलंत?"

कधीच नाही. लहानपणी तुला उन्हात खेळू दिलं नाही, रडेपर्यंत बेसन चोळलं. लोक मला जे बोलले ते तुला बोलू नयेत, एवढंच मनात होतं. आणि लोकांच्या आधी मीच बोलत राहिले.

उमैमा आज तुला फोन करणार आहे. तिचा उचल. माझ्यावरचा राग राहू दे, तो खरा आहे.

तू आहेस तशीच सुंदर आहेस. सव्वीस वर्षं उशीर झाला लिहायला.

तुझ्याच रंगाची,
आई